मागे उभे राहणारे

पुण्याहून दादाचा फोन आला की हल्ली हाच विषय निघतो: अभिजात संगीताला तरुण श्रोता उरला नाही. कुणी म्हणतं अनुदान वाढवा, कुणी म्हणतं राग वीस मिनिटांत आटपा. व्हिएन्नात इतकी वर्षं काढल्यावर मी त्याला उलटा प्रश्न विचारते: खिशात पैसे नसलेल्या पोराला चांगल्या जागेवरून गाणं ऐकता येतं का?

इथल्या स्टाट्सओपरमध्ये, म्हणजे सरकारी ऑपेरागृहात, उभ्याने ऐकण्याच्या शेकडो जागा आहेत. त्यांतल्या सर्वांत चांगल्या खालच्या मजल्यावर, रंगमंचाच्या अगदी समोर, पूर्वी सम्राटासाठी राखलेल्या सज्जाच्या बरोबर खाली. जून 2018 मध्ये ऑपेरा गायिका एडिटा ग्रुबेरोवाच्या निरोपाची मैफल झाली, त्या काळात हे तिकीट तीन-चार युरोंना मिळे. तासन्‌तास रांगेत थांबायचं, आत शिरलं की कठड्याला रुमाल बांधायचा. तो रुमाल म्हणजे तुमची जागा. कुणी हात लावत नसे.

ग्रुबेरोवा स्लोव्हाकियातल्या ब्राटिस्लाव्हाची. 1970 मध्ये ती इथे मोझार्टच्या ‘जादूची बासरी’तली रात्रीची राणी म्हणून उभी राहिली, पण नंतर बरीच वर्षं वाट्याला आल्या त्या बहुतेक किरकोळ भूमिका. 1976 मध्ये कार्ल ब्योमच्या संचालनाखाली तिने रिचर्ड श्ट्राउसच्या ‘आरियाड्ने’ या ऑपेरातली झेर्बिनेटाची भूमिका गायली आणि नाव झालं. दहा मिनिटांहून लांब ते एकटीचं गाणं, तारसप्तकाच्याही वर चढणाऱ्या ताना, आणि मायक्रोफोन नाही!

त्या निरोपाच्या मैफलीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी ती झेर्बिनेटा विद्यार्थिदशेत, अशाच उभ्याने ऐकली होती. ग्रुबेरोवा तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. काही स्वर खालून ओढून घ्यायची, ते आजींना माझ्याआधी कळत होतं. त्या मान हलवायच्या, आणि पुढच्याच क्षणी एखादा हळुवार लावलेला वरचा स्वर ऐकून डोळे पुसायच्या. शेवटी टाळ्या थांबेनात. सगळ्यांत मोठा गजर आमच्या कठड्यामागून उठत होता. असे कान अनुदानाने होत नाहीत, चाळीस वर्षं ऐकून होतात.

आपल्याकडे असं काही नाही, असं मी म्हणणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवातली भारतीय बैठक हीच गोष्ट आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे. पण इतर किती मैफलींत पुढचे सोफे पाहुण्यांच्या पासांसाठी अडवलेले असतात, मध्यंतरानंतर तेच रिकामे दिसतात, आणि गाणं शिकणारी मुलं मागे खांबाआड बसतात! ते सोफे हलवून तिथे सतरंजी अंथरायला सरकारी निर्णय लागत नाही.

या डिसेंबरात मी पुण्यात आहे. दादाने कुठून तरी सोफ्याचा पास मिळवलाय. मी त्याला बैठकीची तीन तिकिटं काढायला सांगितली आहेत. तिसरं त्याच्या मुलीसाठी.