कमी खर्चात थाटाचा नाताळ : कुटुंबप्रमुखांसाठी मार्गदर्शन

वसईत काटकसरीने नाताळ करणारं घर कधी पाहिलंय? नाही ना? मीही नाही. काटकसर घरोघरी चालते, पण ती चारचौघांत दिसली की झालंच. मग 'यंदा त्यांचं जरा ओढाताणीचं दिसतंय' हे वाक्य रमेदीहून निघतं आणि चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपायच्या आत नंदाखालला पोचतं. तेव्हा ज्यांच्या खात्यात डिसेंबरच्या दहा तारखेलाच महिनाअखेर उजाडली आहे, आणि तरीही ज्यांच्याकडे पंचवीस तारखेला दोन बहिणी, त्यांची मुलं, दुबईहून आलेला भाऊ आणि 'आम्ही फक्त पाच मिनिटं टेकतो' म्हणणारे सगळे जेवायला आहेत, अशा कुटुंबप्रमुखांसाठी हे चार शब्द.

सर्वांत आधी एक मान्य करा, की कॅलेंडर तुमच्या बाजूचं नाही. बोनस आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत, असा नियम आहे. कंपन्या तो दिवाळीलाच देऊन मोकळ्या होतात. तो किमान 8.33 टक्के बोनस तुमच्याकडे नाताळपर्यंत शिल्लक राहिला असेल तर तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही, तुम्हीच आम्हाला करा. बाकीच्यांच्या बोनसचं एव्हाना वॉशिंग मशीन झालेलं असतं, किंवा मुलीच्या क्लासची फी. सणाचा बोनस मिळतो खरा, फक्त तो दुसऱ्यांच्या सणाला मिळतो. त्याबद्दल तक्रार करू नका. शेजारच्या काकूंनी चकल्या पाठवल्या होत्या, त्या खाल्ल्यात ना?

आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे. चार रविवार, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. फादर सांगतात की हा आत्मपरीक्षणाचा काळ आहे, आणि ते खरंच आहे. पहिल्या रविवारी यादी करा. दुसऱ्या रविवारी यादीतलं काय उडवायचं यावर घरात भांडा. तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटते, ती आनंदाची म्हणून, तेव्हा मेहुण्याकडे उसने मागा. चौथ्या रविवारी यादीतून उडवलेलं सगळं परत यादीत येतं. याला नियोजन म्हणतात.

पण खरा मंत्र पुढे आहे, आणि तो पाठ करून ठेवा: घरी केलं की स्वस्त पडतं.

कसं स्वस्त पडतं ते नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं अंदाजपत्रक या एका खांबावर उभं आहे. वहीत मैदा लिहायचा, रवा लिहायचा, साखर, अंडी, नारळ, तेल लिहायचं. मजुरी लिहायची नाही. मजुरीचा रकाना आखायचाच नाही, म्हणजे तो रिकामा दिसण्याचा प्रश्न येत नाही. मग बाजारात एक किलो कुलकुलचा भाव विचारा आणि जोरात म्हणा, 'लूट आहे लूट!' बाहेरच्या बाईने मेहनतीचे पैसे लावले की ती लूट, घरच्या बाईने लावले नाहीत की ती परंपरा. या फरकावर वसईत पिढ्यान् पिढ्या सण थाटात झाले आहेत.

आता हे कुलकुल. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध घालून कणीक मळायची. तिची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबत दाबत पसरायची आणि लगेच गुंडाळी करत सोडवायची. दाब कमी पडला तर रेघा उमटत नाहीत, जास्त पडला तर पीठ काट्याच्या दातांत अडकून बसतं. काटे कमी असतील तर कोरा कंगवा चालतो. (कोरा. हे पुरुषमंडळींना दरवर्षी वेगळं सांगावं लागतं.) एका ताटात अशा किती गोळ्या बसतात ते मोजायला जाऊ नका, मोजलं की मजुरीची आठवण होते. 'पोरांनो, या, मजा आहे' अशी हाक मारा. पोरं अर्धा तास बसतात, एक शिंपला करतात, एक साप करतात, उरलेलं पीठ कच्चंच खातात आणि उठतात. मग आजी बसते. आजीच्या अंगठ्याला संधिवात आहे, पण तिच्या रेघा अजून सगळ्यांत सरळ येतात, असं तिच्या देखत म्हणा. कौतुकाला जीएसटी नाही. साधारण साडेअकराच्या सुमारास आजी आणि मिसेस दोघीच उरतात, तेव्हा आत डोकावून 'अजून व्हायचंय?' असं विचारा. हे विचारल्याने तुम्ही कामात सहभागी झालात असं धरलं जातं.

तळण मिसेसने ऑफिसातून आल्यावर करायचं असतं. चर्चगेटहून उभ्याने आलेल्या माणसाला गॅसपुढे उभं राहणं जड जात नाही, सवय झालेली असते. येताना क्रॉफर्ड मार्केट वाटेतच पडतं, तेव्हा केकचं सामान, बटरपेपर, मार्झिपान या मिठाईचे साचे तिथूनच आणायला सांगा. वाटेत पडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण नकाशा तुमच्या हातात आहे. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर मनुकांच्या काड्या काढून होतात आणि प्रवासाचा वेळ सत्कारणी लागतो. आणि सिलिंडर! 14.2 किलोचा सिलिंडर वर्षभर कधीही संपू शकतो, तरी तो 23 तारखेला, फुग्यांचं पीठ आंबून वर आलेलं असताना संपतो. फुग्यांच्या पिठाला थांब म्हणून चालत नाही. ओल्या मुठीतून अंगठ्यापाशी पीठ पिळून वर काढायचं आणि गोळा तेलात सोडायचा, तो टम्म फुगतो, म्हणूनच त्या फुग्या. अशा वेळी कुटुंबप्रमुखाने 'मी तेव्हाच म्हटलं होतं, दुसरा नंबर लावून ठेव' असं म्हणावं. म्हटलं नसेल तरी म्हणावं.

महागडं सामान कुठे वाचवायचं? मार्झिपानला शास्त्राप्रमाणे बदाम, आपल्याकडे काजू, आणि काजूचा भाव ऐकल्यावर शेंगदाणे. शेंगदाणे सोलून, न भाजता बारीक दळा, गुलाबपाणी सढळ घाला, गुलाबी-हिरवा रंग द्या आणि पाहुण्यांना नाव सांगताना खालच्या आवाजात 'मार्झिपान' म्हणा. कोणी 'काजू जरा वेगळा लागतो' म्हणालं तर 'कोकणातला आहे' म्हणून सांगा. केकमधल्या टुटीफ्रुटीचं तर काही विचारूच नका: ती मुळात कच्च्या पपईचीच असते. पपई तुमच्या वाडीत पडून सडते आणि तुम्ही तिचे पाकीटबंद तुकडे विकत आणता. ते थांबवा, पपई मिसेसच्या हातात द्या. बारीक चौकोनी कापणं, उकळणं, पाकात मुरवणं, तीन रंगांत वेगळं करणं, वाळवणं, एवढंच काम आहे. फुकट. सुका मेवा रममध्ये ऑक्टोबरपासून भिजत घालायचा असतो. तुम्ही तो डिसेंबरात घालणार, कारण ऑक्टोबरात बाटली आणली तर मेव्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते. त्या बाटलीबद्दल आपण फार बोलायला नको. राजेळी केळ्यांची सुकेळी (वाळवलेली केळी) घरची असतील तर तीही बारीक चिरून केकमध्ये ढकला आणि त्याला 'आमच्याकडची खास पद्धत' म्हणा. निम्म्या खास पद्धती अशाच जन्माला आल्या आहेत.

पिण्याचं बघू. महाराष्ट्रात दारूबंदीचा 1949चा कायदा अजून लागू आहे आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, तेव्हा तुमच्या अख्ख्या नाताळात सगळ्यांत स्वस्त वस्तू कोणती असेल तर ती सरकारी आहे. तो घेतलेला पाहुणा मात्र अजून कोणाच्या अंगणात आलेला ऐकिवात नाही. बरणीत द्राक्षं, साखर आणि यीस्ट घालून घरी जे केलं जातं तेही परवान्याशिवाय कायद्यात बसत नाही. म्हणून त्याला द्राक्षाचं सरबत म्हणायचं. दुसऱ्या ग्लासानंतर ते सरबत आहे यावर पाहुण्यांचाच विश्वास बसत नाही, तो भाग वेगळा.

सजावटीवर पैसे घालवू नका. चांदणी गेल्या वर्षीची चालते. तिचा फाटलेला कोन भिंतीकडे वळवा. गव्हाणीच्या देखाव्यासाठी आठ-दहा दिवस आधी वाटीत गहू पेरा, हिरवंगार कुरण फुकट मिळतं. पुतळे तेच. उंटाचा मागचा डावा पाय मोडला आहे, तिथे खालून खडा लावा आणि वर पेंढा टाका. बाळ येशू रात्रीच्या मिस्सापर्यंत कपाटात ठेवायचा असतो आणि नेमक्या वेळी कपाटात सापडत नाही. तो कुठे आहे हे घरात एकाच व्यक्तीला माहीत असतं. ती त्या वेळी इंद्याल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं मांसाचं कालवण, ढवळत असते.

चांदणी किती वाजेपर्यंत लावायची, याला मात्र धोरण हवं. दिवा चालू म्हणजे घर जागं, आणि घर जागं म्हणजे कॅरल म्हणणारी पोरं गिटार, ढोलकी आणि डबा घेऊन दारात. सोबत नाताळबाबा असतो, त्याची दाढी कापसाची आणि चप्पल ओळखीची. त्यांना नुसत्या फुग्या देऊन पाठवता येत नाही, डबा हलवून दाखवतात. रात्री दहानंतर चांदणी विझवली तर तेवढे वाचतात. पण समोरच्यांची चांदणी साडेबारापर्यंत चालू आहे हे तुम्हाला खिडकीतून दिसतं. मग तुम्ही उठता आणि परत लावता. वीजबिल जानेवारीत येतं, जानेवारीचं जानेवारीत बघू.

ताटांचा व्यवहार काटेकोर ठेवा. तुमच्याकडून ताट जातं, त्यांच्याकडून येतं, आणि दोन्हींत तेच सहा पदार्थ असतात. रिकामं ताट परत द्यायचं नसतं, म्हणून हा व्यवहार कधी संपत नाही. हुशार कुटुंबप्रमुख पहिल्या घरून आलेल्या करंज्या तिसऱ्या घरी पाठवतो. यात धोका एकच: करंजीची मुरड प्रत्येक घराची वेगळी असते आणि ज्या बाईने ती घातली ती स्वतःची मुरड लांबूनही ओळखते. हे पुरुषांना कळत नाही. म्हणून अशा वेळी नारळाच्या वड्या फिरवाव्यात, वडीला तोंडावळा नसतो. हिंदू शेजाऱ्यांच्या ताटाला मात्र हात आखडू नका, त्या चकल्यांची परतफेड व्हायची आहे. अंडं कशात आहे आणि कशात नाही, हे सांगायला मुलाला पाठवाल तर तो नेमकं उलटं सांगून येईल. मिसेसनाच पाठवा. दोन मिनिटांचं काम, गप्पांसकट पाऊण तास. तोवर केक जळला तर तो बाईचा निष्काळजीपणा.

भेटवस्तूंचं तसं सोपं आहे. दुबईचा भाऊ चॉकलेटं आणतो, तीच कागद बदलून धर्मपुत्रांना द्या. एकदा एखाद्याचे धर्मपिता झालात की ते पद आजन्म असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर श्रद्धेबद्दल विचारतात, पगाराबद्दल विचारत नाहीत. चॉकलेटं देणाऱ्या भावाच्याच मुलाला ती देऊ नका, एवढं सांभाळा.

कपड्यांबद्दल एकच ओळ: मुलांना नवीन, आईला नवीन, तुम्हाला नवीन शर्ट, कारण मिस्साला पुढच्या बाकावर बसायचं असतं, आणि मिसेस स्वतःहूनच म्हणतात की माझ्याकडे आहेत भरपूर. त्यांचं बोलणं लगेच मान्य करा.

जेवणात इंद्याल भरपूर करा. व्हिनेगरमुळे ते टिकतं, आणि तिसऱ्या दिवशी जास्त छान लागतं अशी सर्वमान्य समजूत आहे. तुमचं अंदाजपत्रक त्या समजुतीचं आयुष्यभर ऋणी राहील. 26ला गरम करा, 27ला गरम करा आणि 'आज खरी चव आली' असं म्हणायला आधी तुम्हीच सुरुवात करा. मटण पाहुण्यांना वाढताना डाव रश्शात खोल बुडवून वर काढायचा, तो भरलेला दिसतो. ही कला असलेली एक आत्या प्रत्येक घरात असते, वाढायला तिलाच उभी करा. जेवणं झाल्यावर सगळे म्हणतील की हॉटेलात एवढ्या माणसांचं बिल किती झालं असतं! आकडा काढा, मोठ्याने सांगा, सगळ्यांना थक्क होऊ द्या. तेवढे तुम्ही वाचवलेत. भांडी मागच्या दारी आहेत, तिकडे बघायचं कारण नाही. बहिणी जाताना म्हणतील, 'पुढच्या वर्षी पण इकडेच हं, वहिनीच्या हातची सर कोणाला नाही.' वहिनी दारात उभी राहून हसेल. हसली म्हणजे हो.

आणि एवढं सगळं निभावलं म्हणून सैल बसू नका. आगमनकाळात सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे अडकून राहिलेली सगळी लग्नं नाताळ सरताच सुरू होतात आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत थांबत नाहीत. पत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली लावलेल्या असतीलच. पहिलं 27ला गिरीजला, दुसरं 28ला आगाशीला, तिसऱ्या पत्रिकेवर चुंबकच पुरला नाही. दरेक ठिकाणी पाकीट. पण त्याचीही सोय आहे. लग्नघरी आदल्या दिवशी तळण असतं, फुग्या असतात, मदतीला हात कमीच पडत असतात. मिसेसना सकाळपासून तिकडे पाठवून द्या. एवढं राबलेल्या घराकडून पाकिटात किती आले, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.