खंभोळजा आणि काळे

बालेवाडीला पुणे एफसीचे फुटबॉल सामने बघायला आम्ही तिघे-चौघे मित्र औंधहून दुचाकीवर जायचो. एवढं मोठं स्टेडियम, त्यात बहुतेक खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे आमचं ओरडणं मैदानातल्या खेळाडूंना सरळ ऐकू जायचं. मधल्या फळीत एक शिडशिडीत जपानी खेळायचा, अराता इझुमी. आमच्या लेखी तो परदेशी पाहुणा होता. चांगला खेळतो, वर्ष-दोन वर्षांत जाईल परत. तो गेला नाही. 2012 मध्ये त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. दुसऱ्या वर्षी मी विमानात बसलो आणि तोक्योला आलो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरनं आपल्याला 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. मुंबईहूनही कमी लोकवस्तीच्या सिंगापूरकडून, तेही आपल्या अंगणात. पुढच्याच महिन्यात बातमी आली की बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट देऊन भारताचा घेतला. त्याच्या आईकडचं घराणं मुंबईचं, अँग्लो-इंडियन. झालं, ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणतो, परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतवंशीय खेळाडूंना, म्हणजे ओसीआय कार्डवाल्यांना, सरळ संघात घ्या, जग कुठे चाललंय. दुसरा म्हणतो, मुळीच नाही, देशासाठी खेळायचं तर पासपोर्ट सोडून दाखवा, मगच प्रेम खरं. नियम आज दुसऱ्या तटाच्या बाजूनं आहे. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं 2008 पासून भारतीय पासपोर्टची अट घातलेली आहे.

मी लिहिलं, "अरे, आपला अराता विसरलात का?" त्यावर मन्याचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून बोलू नकोस." अगदीच चूक नाही त्याचं. 'आमच्या जपानात असं असतं' हे वाक्य सुट्टीवर आलेल्या माणसाच्या तोंडून चौथ्यांदा ऐकलं की कुणाचंही टाळकं सरकेल. तरी बोलतो, कारण या वादात मला दोन्ही तट एकाच गोष्टीला चिकटलेले दिसतात, पासपोर्टाला. आणि पासपोर्ट दिल्यावर काय होतं, याचं अख्खं उदाहरण आपल्याच शहरात घडून गेलेलं आहे.

अराताचा जन्म 1982 चा, शिमोनोसेकीचा. होन्शू बेट पश्चिमेला जिथे संपतं तिथलं हे बंदर, फुगू माशासाठी प्रसिद्ध. वडील गुजराती, आई जपानी. सुरुवात ओकायामा प्रांतातल्या मिझुशिमाला, मित्सुबिशी मोटर्सच्या कंपनी संघातून. मग अल्बिरेक्स निइगाता या जपानी क्लबच्या सिंगापूरमधल्या संघात. तिथून 2006 मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगाल, पुढे मुंबईत महिंद्रा युनायटेड, नंतर पुणे एफसी. जपानी खेळाडू परदेशी जातो तो साधारण जर्मनी-बेल्जियमच्या दिशेनं. 2022 च्या विश्वचषकात जपानच्या 26 जणांपैकी 19 जण युरोपातल्या क्लबांचे होते. हा गडी उलट्या दिशेनं निघाला. माझ्या ऑफिसातल्या फुटबॉलवेड्यांना त्याचं नावही ठाऊक नाही. मी सांगितलं की ते विनयानं "हेऽऽ" म्हणतात आणि विषय काझू मिउराकडे नेतात, जो पन्नाशी उलटून गेली तरी खेळतोय.

भारतीय झाल्यावर 2013 च्या फेब्रुवारीत कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध अराता पहिल्यांदा निळ्या जर्सीत उतरला. तो सामना आपण हरलो. देशासाठी त्याचे एकूण सामने दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. तिशी ओलांडल्यावर संधी मिळाली, त्याला तो तरी काय करणार?

पासपोर्ट सोडणं म्हणजे काय, ते दोन्ही तटांतल्या एकालाही माहीत नसावं असं मला वाटतं. जपानही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथल्या कायद्यानं जपानी नागरिकत्व जातंच. जगातले बहुतेक दरवाजे व्हिसाशिवाय उघडणारा पासपोर्ट देऊन त्यानं असा पासपोर्ट घेतला, ज्यावर माहेरी जायलासुद्धा जपानचा व्हिसा लागतो. उलट्या दिशेचा माणूसही आहे. पुराणिक योगेंद्र, म्हणजे आपले योगी, त्याच 2012 मध्ये जपानी नागरिक झाले आणि 2019 मध्ये तोक्योतल्या आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. त्या वेळी याच वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय वाण्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. दोघांनी एकाच वर्षी घरं बदलली असं मी गमतीनं म्हणतो. पण योगींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ते ज्या वॉर्डात निवडून आले तो वॉर्ड तिथेच आहे.

अराताच्या पायाखालचे क्लब मात्र एकेक करून गेले. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेली, कूपरेजवर खेळणारा जुना संघ. 2010 मध्ये कंपनीनं तो बंद केला. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला होता. मी नाचलो होतो त्या दिवशी. 2015 नंतर तो संघ लीगमधून गायब. त्याच पुण्यात भारत एफसी निघाला आणि एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम टिकला. एफसी पुणे सिटीनं 2019 मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. चार-पाच वर्षांत एका शहरातले चार व्यावसायिक क्लब! त्याच वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा मुलाला बालेवाडीला घेऊन जाणार होतो. कुणाचा सामना दाखवणार?

इथे मला मिझुशिमा आठवतं. समुद्र बुजवून उभारलेला कारखान्यांचा पट्टा, मोटारी आणि पोलाद. अराताचा मित्सुबिशीचा संघ इथला. इथल्याच कावासाकी पोलाद कारखान्यातल्या माजी खेळाडूंनी 1975 मध्ये हौसेखातर एक क्लब काढला होता. नोकरी सांभाळून खेळायचं, आपल्याकडच्या बँकांच्या संघांसारखं. हळूहळू त्यातून फाजियानो ओकायामा उभा राहिला आणि 2025 मध्ये हा क्लब पहिल्यांदाच जपानच्या सर्वोच्च विभागात खेळला. मधली पन्नास वर्षं काही जादूची नव्हती. 1993 मध्ये जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली तेव्हा क्लब होते 10, आता तीन विभागांत 60. मित्सुबिशीचाच दुसरा एक संघ उरावाचा झाला, निस्सानचा योकोहामाचा, माझदाचा हिरोशिमाचा. क्लबच्या नावात कंपनी नको, गावाचं नाव हवं, अशी अट सुरुवातीपासून घातली. त्याचा फायदा असा की मालकाचा पैसा आटला तरी गाव मागे उरतं.

गुलाबी चष्मा मी लावलेला नाही. योकोहामा फ्ल्यूगेल्स नावाचा क्लब 1998 मध्ये प्रायोजक हटल्यावर शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. 1 जानेवारी 1999 ला, क्लबच्या अखेरच्या सामन्यात, त्याच खेळाडूंनी सम्राट चषक जिंकला. चषक हातात आणि क्लब नाही. पण मग समर्थकांनी वर्गणी काढली, योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब स्थापला आणि तो आजही आहे. पुण्यात आम्ही काय केलं? मी स्वतः फेसबुकवर एक दुःखी चेहरा टाकला होता. तोक्योतून.

आणि रक्ताचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. गोलरक्षक झिऑन सुझुकीचे वडील घानाचे. 2024 च्या आशिया चषकात त्याच्याकडून चुका झाल्या तेव्हा समाजमाध्यमांवर त्याच्या कातडीवरून घाण लिहिली गेली, तेही जपानीतून. परक्या मुळाचे खेळाडू जपाननंही घेतले. ब्राझीलचा रुई रामोस 1989 मध्ये जपानी झाला, त्याच्यामागून वाग्नर लोपेस, आलेक्स, तुलिओ. पण हे सगळे जपानच्याच मैदानांवर वर्षानुवर्षं खेळून झाल्यावर जपानी झाले. राहणं आधी, कागद मागून. अराताचंही तसंच होतं, हे आपण ध्यानात घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही तटांना आवडणार नाही. फुटबॉलसाठी नागरिकत्वाचा कायदा वाकवू नये. जो पासपोर्ट देऊन येईल त्याचं स्वागत करावं. पण त्याग-त्याग म्हणून ढोल बडवण्याआधी त्याला शनिवारी खेळायला क्लब आहे का, ते बघावं. 2025 च्या जुलैत आपली इंडियन सुपर लीगच हक्कांच्या कराराच्या घोळात लटकली होती. कुणी ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट दिला की आपल्याला अभिमान वाटतो. मला तर आधी त्याची काळजी वाटली.

अराता पुढे कोलकाता, पुणे सिटी, केरळ असं सुपर लीगमध्ये खेळला आणि खेळणं थांबल्यावरही इथून, म्हणजे तिथून, हलला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत तो पोरांना शिकवू लागला. मला वाटतं, त्यानं देशाला दिलेलं मोठं देणं हेच ठरेल, त्या मोजक्या सामन्यांपेक्षा.

जाता जाता कबूल करतो, माझ्या कपाटातही एक अर्ज पडून आहे, जपानी नागरिकत्वाचा. त्याला 'का व्हायचंय जपानी' हे स्वतःच्या अक्षरात लिहून जोडावं लागतं. तीन वर्षांत माझ्या चार ओळी झाल्यात. बायको म्हणते, तुला व्हायचंच नाहीये. अडलोय मी त्याच्याही अलीकडे, नावाच्या रकान्यात. जपानीत 'ळ' नाही. 'काळे' लिहायला गेलं की 'कारे' होतं आणि ऐकणाऱ्याला 'करी' मागितल्यासारखं वाटतं. ऑफिसात दहा वर्षं हा विनोद चालू आहे. अराताचं भारतीय झाल्यावरचं नाव नीळकंठ खंभोळजा. दोन दोन 'ळ'. त्याच्या आईला ते म्हणता येतं का, हे मला एकदा त्याला विचारायचंय.