मॅकिंटॉश प्लसच्या (ॲपलचा जुना कॉम्प्युटर) एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर (लांब आहे, पण वाचा)

दादा, एक स्टार दिलात ते दिलात, तुमचा हक्क आहे. पण "बिघडलेला माल जाणूनबुजून गळ्यात मारला" हे जे लिहिलंय त्याला उत्तर द्यावं लागेल, कारण कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंतची माणसं हे वाचूनच आपल्याकडे येतात. तुमच्या तक्रारी चार. चित्र थरथरतं, मोबाईलच्या व्हिडिओत काळे पट्टे फिरतात, चालू केलं की फ्लॉपी आणि प्रश्नचिन्ह दिसतं आणि तिथेच अडकतं, आणि आता रविवारपासून स्क्रीनच्या मधोमध नुसती एक उभी रेघ. यातल्या तीन बिघाडच नाहीत. चौथी आहे, ती मी मानतो, पण ती विकताना नव्हती, आणि ते का सांगू शकतो तेही खाली लिहितो.

आधी पट्टे. ही काचेची जुनी ट्यूब, चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा वरून खाली नव्याने काढलं जातं, मोबाईलचा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या वेगाने फ्रेम घेतो, दोघांचं टायमिंग जुळत नाही म्हणून पट्टा. तुम्हीच लिहिलंय की डोळ्याने बघितलं तर दिसत नाही. मग झालं की! उलट ऑनलाइन जाहिरातीतला व्हिडिओ बघून जुनं मशीन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, पट्टा दिसला म्हणून सोडू नका आणि व्हिडिओ छान दिसला म्हणून घेऊ पण नका.

प्रश्नचिन्ह म्हणजे तर स्क्रीन ठणठणीत असल्याचा पुरावा आहे. या मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही, ते सिस्टीमची फ्लॉपी मागतंय. ती मी तुम्हाला दिली होती, कीबोर्डच्या खोक्यात पिवळ्या पाकिटात आहे, बघा. पीसीच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर नवीन बनवायला जाऊ नका, ती ८०० के ची ॲपलची फ्लॉपी त्यात लिहिताच येत नाही. आता समजा रडका चेहरा आणि खाली आकडे आले असते तर मेमरी किंवा बोर्डची भानगड, चौकटी चौकटी किंवा पट्टेदार कचरा आला असता तरी तेच. तेव्हासुद्धा ट्यूब चांगलीच असते, बिचारी जे मिळतं ते दाखवते. चालू करताना आवाज आला आणि स्क्रीन काळी, तर मात्र आधी ब्राइटनेसचं चाक फिरवा (हसू नका, याच कारणाने लोक मशीन परत घेऊन आलेत) आणि मग डिस्प्लेच्या बाजूवर संशय घ्या. आवाजही नाही आणि उजेडही नाही, तर पॉवर सप्लाय.

थरथरण्याचं उत्तर तुमच्याच फोटोत आहे. मशीन अमेरिकेतून आलेलं, ११० व्होल्टचं, म्हणून सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर दिला, आणि तो तुम्ही मशीनला अगदी चिकटवून ठेवलाय. आपली लाइट ५० हर्ट्झची, स्क्रीन ६० ची, ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटिक फील्ड ट्यूबमधल्या चित्र काढणाऱ्या किरणाला ओढतं आणि या दोन आकड्यांतल्या फरकाने, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, चित्र डुलतं. ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली ठेवा. जुना स्पीकर, स्टॅबिलायझर, टेबलफॅन, सगळ्यांना हाच नियम. घेताना चित्र हलताना दिसलं तर विकणाऱ्याला आजूबाजूच्या वस्तू हलवायला सांगा आणि मगच भाव पाडा.

आता रेघ. ट्यूबमधला किरण दोन प्रकारच्या कॉइल फिरवतात, एक डावी-उजवीकडे, एक वर-खाली. आडवी रेघ आली तर वर-खाली हलवणारा भाग गेला, उभी आली तर डावी-उजवीकडचा. पण गंमत अशी की ट्यूबला लागणारं हाय व्होल्टेजसुद्धा त्या डावी-उजवीकडच्या सर्किटमधूनच तयार होतं. ते पूर्ण मेलं असतं तर उजेडच आला नसता, स्क्रीन काळी ठार. तुमच्याकडे रेघ चांगली झगझगीत दिसतेय, म्हणजे हाय व्होल्टेज चालू आहे, फक्त कॉइलपर्यंत जाणारी वाट तुटलीय, आणि मॅक प्लसमध्ये ती बहुतेक वेळा कॉइलच्या कनेक्टरच्या सोल्डरला, म्हणजे डाकेला, तडा जाऊन तुटते. १९८६ ते १९९० विकलं गेलेलं हे मशीन, आत फॅनच नाही, बोर्ड उभा, रोज तापायचा रोज गार व्हायचा, इतक्या वर्षांनी सोल्डर थकणारच.

म्हणूनच विकताना मी केसच्या डाव्या अंगाला हाताने थापटून दाखवलं होतं, तुम्ही म्हणालात काय टीव्ही आहे का हा. तडा उघडलेला असेल तर थापटल्यावर चित्र क्षणभर बारीक होतं किंवा उडतं. तेव्हा हललंही नाही. मी अर्धा तास चालू ठेवून बघा म्हणालो, कारण गार असताना बरं दिसणारं चित्र तापल्यावर आक्रसतं, तर तुमची गाडी नो पार्किंगला, टोइंगवाले आले म्हणून पाच मिनिटांत पैसे देऊन निघालात. मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने न्या असंही सांगितलं होतं. तुम्ही स्कूटीच्या पुढे पाय ठेवायच्या जागेत नेलंत, आपल्या द्वारका चौकाच्या पुढचे खड्डे काय मी सांगायला हवेत.

"मेनूबारचा डाग लपवला" असंही एक वाक्य आहे तुमचं. मशीन बंद असताना तिरक्या उजेडात वरच्या बाजूला करडी पट्टी दिसते, ती फॉस्फर (काचेच्या आतला चमकणारा थर) जळल्याची, कायमची, दुरुस्त होत नाही. ती बिलावर माझ्या अक्षरात लिहिलीय आणि तेवढे पैसे कमी केलेत.

सगळ्यात महत्त्वाचं, आता ते मशीन परत चालू करू नका. रोज फोटो टाकताय, पण किरणाची सगळी ताकद एकाच रेघेवर पडतेय, असंच चालवलं तर तिथेही कायमचा डाग पडेल. आणि यूट्यूब बघून खोलू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज उरलेला असू शकतो.

बिलावर सोल्डरचं काम ३० दिवस फुकट लिहिलंय, ते लागू आहे. रेघ गेली नाही तर पूर्ण पैसे परत. थरथर आणि प्रश्नचिन्हासाठी मात्र परत मिळणार नाहीत.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, जुना लॅपटॉप घेत असाल तर हिशोब वेगळा. स्क्रीन काळी दिसली तर टॉर्च तिरका मारा, आत पुसट चित्र दिसलं तर फक्त स्क्रीनमागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा आतला छोटा इन्व्हर्टर गेलाय. सुरुवातीला गुलाबी झाक म्हणजे दिवा म्हातारा. आणि व्हिनेगरसारखा वास आला तर वरची फिल्म सडायला लागलीय, ते मशीन मी स्वतः घेत नाही.

दादा, सोमवार सोडून कधीही आणा, रिक्षाने. ट्रान्सफॉर्मर पण आणा, त्याचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून देतो. स्टार हवा तर एकच ठेवा.