मावसाजी दोन दिवस गप्प राहिले

मानेवाड्याच्या मावशीचा फोन आला, मावसाजी दोन दिवसांपासून धड जेवून नाही राहिले म्हणे. गेलो. रिटायर्ड मास्तर माणूस, विचारलं तर काहीच नाही. टेबलावर त्यांची वही उघडी होती, त्यात टपोऱ्या मास्तरी अक्षरात नऊ आकडे अन् खाली दोन रेघा. पोटात धस्सच झालं, एनीडेस्कचा नंबर होता तो, म्हणजे दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या अ‍ॅपचा.

झालं असं, की नेटवर पेपर वाचता वाचता स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, व्हायरस आलाय, बंद करू नका, या नंबरवर बोला. यांनी लावला. समोरचा सर सर करत हिंदीत इतका अदबीनं बोलला, एनीडेस्क टाकायला लावलं अन् मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणा दाखवल्या, हे बघा हॅकर. अरे त्या खुणा तर चांगल्या चालत्या कॉम्प्युटरमध्येही असतात, विंडोज बारीकसारीक एररची नोंद ठेवतं तिथं! मग खातं सेफ आहे का बघू म्हणून बँकेचं लॉगिन, मग ओटीपी, अन् ३८ हजार गेले.

पैशापेक्षा मला ते दोन दिवस जास्त लागले. आपण ओरडू, एवढंही कळत नाही का म्हणू, या भीतीनं ते बोललेच नाहीत. अन् हे पैसे भराभर या खात्यातून त्या खात्यात फिरतात, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तर मधेच अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही तक्रार केली, पण उशिरा.

घरच्यांना एवढं सांगाच, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतोच. भोंगा वाजला तर ते नुसतं वेबपेज आहे, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, जमत नसेल तर पॉवरचं बटन दाबून धरा, काही होत नाही. कोणाला कॉम्प्युटरच्या आत घेतलंच असेल तर आधी नेट काढा, कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवा, १९३० लावा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथंही खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात.

अन् ओरडू नका नं बाप्पा त्यांच्यावर. मी मावसाजींना म्हटलं, काहीही वाटलं तर आधी मला फोन, रात्री दोनला पण. काल ऑफिसात मीटिंग सुरू असताना आला, "अरे, पार्सलचा मेसेज आलाय, लिंक दाबू का?" मी मीटिंग सोडून बाहेर आलो.