अमेरिकन माजी सैनिक परदेशात 'राजासारखे' राहतात म्हणे. फिलिपिन्सच्या अँजेलिसमध्ये सहा वर्षं काढलेल्याचं उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि वडिलांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवरून, आणि त्या तिसऱ्यावर आला म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा, की अमेरिकेचे रिटायर फौजी फिलिपिन्स, थायलंडला जाऊन राजासारखे राहतात, प्रत्येकाला तगडी पेन्शन, जगात कुठेही आजारी पडा उपचार फुकट, दिवसभर बारमध्ये बसायचं, तिथल्या लोकांशी देणंघेणं नाही, देश स्वखुशीने सोडला आणि देशाशी नातंही तोडलं. आणि शेवटी नेहमीचं, 'आणि आपल्या जवानाला काय मिळतं बघा'.

मी २०१४ पासून सहा वर्षं फिलिपिन्सच्या अँजेलिस शहरात होतो, क्लार्कमध्ये नोकरी होती. क्लार्क म्हणजे एकेकाळचा अमेरिकेचा मोठा हवाई तळ, व्हिएतनाम युद्धात मोठी ये-जा तिथून चालायची. जून १९९१ मध्ये शेजारचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तळ राखेखाली गेला, सप्टेंबरात फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळांचा करार फेटाळला आणि अमेरिकन सैन्य गेलं. पण रिटायर झालेले बरेच जण तिथेच राहिले, नंतरही येत राहिले. माझ्या गल्लीतच तिघं होते. म्हणजे ऐकीव नाही सांगत.

आधी पेन्शनचं. 'प्रत्येकाला' हा शब्दच चुकीचा आहे. अमेरिकेत सैन्याची पेन्शन साधारण २० वर्षं नोकरी केली की मिळते, आणि बहुतेक जण त्याच्या खूप आधी बाहेर पडतात. व्हिएतनामच्या काळात तर सक्तीने भरती केलेली पोरं दोन वर्षं काढून घरी जायची, त्यांना कसली पेन्शन? नोकरीत दुखापत झाली, आजार जडला, तर भरपाई मिळते, ती वेगळी, आणि ती टक्क्यांवर असते, १० पासून १०० पर्यंत. १०० टक्केवाल्या एकट्या माणसाला २०२५ च्या दराने महिन्याला ३,८०० डॉलरच्या आसपास मिळतात, हे खरंय, आणि अँजेलिससारख्या गावात तेवढ्यात माणूस चांगला राहतो, नाकारत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने १० टक्केवाला बघितलेलाच नाही. माझ्या समोरच्या घरातले अमेरिकन बाबा क्लार्कलाच विमानांचे मेकॅनिक होते, इंजिनांच्या आवाजाने कानात आयुष्यभराची शिट्टी बसली, रात्री झोपताना पंखा मुद्दाम खडखडता ठेवायचे म्हणजे ती शिट्टी झाकली जाते. त्या आजाराला टक्के मिळतात १०, त्याच्या वर नाही. २०२५ च्या दराने महिन्याला १७५ डॉलर. बाकी त्यांचं सगळं सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे आयुष्यभर कापून गेलेल्या पैशावर.

आणि ज्यांच्याच देशात हे सगळं चाललंय त्यांचं काय? दुसऱ्या महायुद्धात अडीच लाखांहून जास्त फिलिपिनो अमेरिकेच्या झेंड्याखाली लढले, बहुतेकांचे हक्क १९४६ च्या कायद्याने काढून घेतले गेले, आणि २००९ साली एकदाच रक्कम दिली, अमेरिकन नागरिक असेल त्याला १५,००० डॉलर, नसेल त्याला ९,०००. तोपर्यंत किती जण शिल्लक होते हे वयाचा हिशोब केला तरी कळेल. तेही अमेरिकेचेच माजी सैनिक ना? त्यांचं नाव मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता उपचार फुकट. हा दावा वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण मी उलट बघितलंय. माजी सैनिकांची जी सरकारी हॉस्पिटलं आहेत, व्हीएची, ती अमेरिकेत आहेत. परक्या देशात व्हीएचं क्लिनिक फक्त एकच आहे, मनिलात, ते पण ओपीडी, आणि अँजेलिसहून नव्वद-शंभर किलोमीटर, मनिलाचं ट्रॅफिक ज्याने बघितलंय त्याला विचारा सत्तरीतल्या गुडघेदुखीवाल्या माणसाला ते काय पडतं. इतर देशांत राहणाऱ्यांसाठी एक स्कीम आहे, पण ती फक्त नोकरीमुळे झाला असं कागदावर मान्य झालेल्या आजारालाच पैसे देते. गुडघा मान्य असेल आणि हार्ट अटॅक आला तर तुमचं तुम्ही बघा. गुडघ्याचेही पैसे बहुतेकदा आधी खिशातून भरा, बिलं जोडा, पाठवा, थांबा. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, तो अमेरिकेबाहेर जवळपास चालतच नाही. आणि ज्यांना पूर्ण पेन्शन आहे त्यांना वयाच्या ६५ नंतर सैन्याचा विमा चालू ठेवायचा असेल तर त्या मेडिकेअरच्या बी भागाचा हप्ता भरावाच लागतो, २०२५ साली महिन्याला १८५ डॉलर. म्हणजे जो विमा तिथे एक पैसा देत नाही त्याचा हप्ता भरायचा, का तर दुसरा विमा बंद पडू नये म्हणून. हे मला बाबांच्या एका मित्राने जेवणाच्या टेबलावर कागदावर लिहून समजावलं होतं, दोनदा, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकतंय.

म्हणूनच तिथे जी मंडळी एकत्र येतात ती निव्वळ गप्पा मारायला येत नाहीत, हे समजून घेतलं पाहिजे. मी या माजी सैनिकांच्या एका हॉलमध्ये बऱ्याचदा शनिवारी सकाळी बाबांना सोडायला जायचो आणि मग तिथेच बसायचो. भिंतीवर एक फळा, त्यावर खडूने नावं, कोण कुठल्या हॉस्पिटलात, कितव्या मजल्यावर, कोणाला रक्त हवंय, कोणाच्या घरी रात्री कोण झोपणार. नाश्त्याला अंडी आणि फ्राइड राइस, आणि कॉफीच्या मशीनजवळ एक रिकामा बिस्किटाचा डबा, त्यात पैसे टाकायचे. एकाची बायपास झाली तेव्हा तो डबा तीन आठवडे तिथेच होता. कोणी दोन दिवस नाश्त्याला दिसला नाही की दोघं जण त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचे, कारण एकटी राहणारी माणसं आहेत, आणि यातले काही युद्धातलं डोक्यात घेऊन राहणारे आहेत. राजाच्या घरचं दार असं वाजवायला लागत नाही.

'स्वखुशीने देश सोडला' यावर फार लिहीत नाही, एकच गोष्ट सांगतो. मेक्सिकोतल्या तिहुआनाला असे अमेरिकन माजी सैनिक आहेत ज्यांना अमेरिकेनेच हाकलून दिलंय. लहानपणी अमेरिकेत आलेले, ग्रीन कार्डवर सैन्यात भरती झालेले, नागरिकत्वाचे कागद राहून गेले, नंतर काही गुन्हा झाला, शिक्षा भोगली आणि मग स्थलांतराच्या १९९६ च्या कडक कायद्यानंतर थेट देशाबाहेर. त्यातलाच एक हेक्टर बराहास, ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनचा पॅराट्रूपर, त्याने २०१३ मध्ये तिहुआनात अशांसाठी एक घर उघडलं, सगळे त्याला 'बंकर' म्हणतात. आल्या आल्या झोपायला जागा, वकील, फॉर्म. त्याला स्वतःला २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने माफी दिली, २०१८ मध्ये नागरिकत्व मिळालं. बाकीच्यांपैकी कित्येकांची परत जाण्याची एकच खात्रीची वाट, मेल्यावर, कारण मेल्यावर त्यांना अमेरिकेच्या लष्करी दफनभूमीत झेंडा घालून पुरता येतं. जिवंतपणी गेट बंद. हे कुठल्या 'स्वखुशी'त बसवायचं ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

आता बारचा मुद्दा. हा मी टाळणार नाही, कारण यात खरं आहे आणि ते लपवलं तर माझं बाकीचं कोणी का ऐकावं. अँजेलिसची फील्ड्स अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे बारचा रस्ता, तळाच्या गेटाबाहेर वाढली ती तळावरच्या सैनिकांच्या पैशावर, आणि तिथे बायकांचं जे शोषण झालं आणि होतंय ते भयंकर आहे. सैनिकांनी मागे सोडलेली मुलं त्या शहरात जन्मभर टोमणे खात वाढली. १९८२ मध्ये अमेरिकेने अशा मुलांना देशात यायला कायदा केला, त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड, एवढे देश घातले आणि फिलिपिन्स वगळला. संध्याकाळी त्या रस्त्याने गेलात तर आजही पांढऱ्या केसांची माणसं बारच्या बाहेर बसलेली दिसतील, मी रोज बघायचो, मला राग यायचा, अजूनही येतो.

पण त्यावरून 'सगळे असेच आणि स्थानिक लोकांशी देणंघेणं नाही' हे म्हणणं म्हणजे एका रस्त्यावरून अख्खं गाव सांगणं झालं. माझ्या गल्लीतल्या तिघांची लग्नं तिथल्याच बायकांशी झालेली, पंचवीस-तीस वर्षांची लग्नं, घरात सासू, मेहुण्याची पोरं, त्यांची फी, त्यांची बाळंतपणं, बाबा तर तिथल्या पाम्पांगा प्रांताची भाषा बोलायचे, आणि चुकीची बोलले की बाजारातल्या मासेवाल्या त्यांना दुरुस्त करायच्या. व्हिएतनाममध्ये बघा. चक सर्सी म्हणून एक, युद्धात सायगॉनला होता, १९९५ मध्ये परत गेला आणि हनोईतच राहिला, २००१ मध्ये क्वांग त्री प्रांतात न फुटलेले बॉम्ब काढायचं जे काम स्थानिकांनी सुरू केलं, प्रोजेक्ट रिन्यू, त्याच्या मागे उभं राहणाऱ्यांत तो होता. ज्या शेतात आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले तिथे जाऊन ते शोधायला मदत करायची, पोरांना शाळेत शिकवायचं की असं लोखंड दिसलं तर हात लावू नका. हे देणंघेणं नाही तर काय आहे?

आणि 'देशाशी नातं तोडलं'. पहिली गोष्ट, परदेशात राहिलं तरी अमेरिकन माणसाला, उत्पन्न ठराविक मर्यादेपुढे असेल तर, दरवर्षी टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं, मत टपालाने देता येतं आणि ही माणसं ते देतात. दुसरी, त्यांच्या ज्या मोठ्या संघटना आहेत त्याच मुळी बाहेरच्या मातीतल्या. अमेरिकन लीजन १९१९ च्या मार्चमध्ये पॅरिसला सुरू झाली. व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्सची, म्हणजे व्हीएफडब्ल्यूची, मुळं १८९९ ची, क्यूबा आणि फिलिपिन्सहून परतलेल्या सैनिकांची. पण मला सांगायचंय ते क्लार्कच्या दफनभूमीचं.

सैन्य गेलं तेव्हा तळाच्या आतली दफनभूमी तशीच राहिली. ८,००० हून जास्त थडगी, कित्येकांवर नुसतं 'अज्ञात', अमेरिकन सैनिक, फिलिपिनो स्काउट म्हणजे अमेरिकेच्या सैन्यातले फिलिपिनो, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. वर राख, राखेवर गवत. कोणाच्याच खात्यात नाही. वॉशिंग्टन म्हणायचं तळ आमचा राहिला नाही. मग १९९४ पासून अँजेलिसच्या व्हीएफडब्ल्यूच्या पोस्ट २४८५ या शाखेतल्या या म्हाताऱ्यांनी ती जागा हातात घेतली, वर्गणी काढली, गवत कापलं, जवळपास वीस वर्षं. तिकडून पत्रं लिहून लिहून शेवटी जानेवारी २०१३ मध्ये कायदा झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारी खात्याने ती जबाबदारी घेतली. मेसेजवाला ज्यांना 'नातं तोडलेले' म्हणतो त्यांनी सरकारने टाकून दिलेली थडगी वीस वर्षं सांभाळली.

राहता राहिला आपल्या जवानाचा मुद्दा. माझे वडील साताऱ्याकडचे, सुभेदार म्हणून रिटायर झाले, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून मागच्या वेळी तीन हेलपाटे झाले. आपल्या माणसांसाठी जे मागायचंय ते मागा, मी पण सोबत येतो, पण त्यासाठी दुसऱ्याच्या ताटात नसलेली पुरणपोळी दाखवायची काय गरज? त्या शनिवारच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक टेबल असायचं, तिथे नौदलातून रिटायर झालेले एक गृहस्थ फुकट फॉर्म भरून द्यायचे. एकदा एक बाई आली, नवरा तीन आठवड्यांपूर्वी वारलेला. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, लग्नाचा दाखला, त्याच्या आधीच्या दोन घटस्फोटांचे निकाल, सगळं नीट. अडलं कुठे, तर तिचं स्वतःचं एक लग्न विशीत झालं होतं, तो माणूस सहा महिन्यांत पळून गेला होता, आणि फिलिपिन्समध्ये मुस्लिम सोडले तर बाकीच्यांना घटस्फोटाचा कायदाच नाही. म्हणजे कागदावर पहिलं लग्न चालू, दुसरं वैध नाही, म्हणून विधवा म्हणून जे मिळायला हवं ते अडकलं. एकोणीस वर्षं त्या माणसाचं पथ्यपाणी केलेली बाई. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, पहिल्यापासून सांगा, सगळी वर्षं, मी लिहितो. दुपारपर्यंत लिहीत होते.

हे सगळं मी काल वडिलांना फोनवर सांगितलं, कारण मेसेज त्यांनीच पुढे पाठवला होता. त्यांनी एवढंच विचारलं, तो फॉर्म भरणारा पगारी आहे का. मी म्हटलं नाही. मग म्हणाले, तुझ्याकडे त्या दफनभूमीचा फोटो असेल तर पाठव. मी २०१४ चा पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण दहा मिनिटांनी परत फोन आला, की अरे यातले दगड एवढे बुटके का आहेत, लहान मुलांचे आहेत का सगळे. म्हटलं नाही आबा, उंची सगळ्यांची पूर्ण आहे, खालचा अर्धा भाग राखेत आहे.