म्हाताऱ्यांच्या मनाचा डॉक्टर होण्यात काय ठेवलंय?

आमच्या डॉक्टर मंडळींत एक समज पक्का आहे. मानसोपचारात यायचंच असेल तर व्यसनमुक्ती करा, लहान मुलांचं करा, तरुणांचं नैराश्य बघा. म्हाताऱ्यांत काय ठेवलंय? बरं काही होणार नाही, फी देताना मुलगा कुरकुरणार, आणि पेशंट चार वर्षांत वर जाणार. खानदेशात राहून सगळी प्रॅक्टिस याच कामात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, हे मला साफ नामंजूर आहे. चार-सहा आठवड्यांत माणूस उठून बसल्याचं समाधान मला सगळ्यात जास्त दिलंय ते सत्तरीपुढच्यांनीच.

घरचे येतात ते असं म्हणत: "डॉक्टरसाहेब, आबांच्या डोक्यावर परिणाम झाला. परवापासून." परवापासून! अहो, स्मृतिभ्रंश परवापासून होत नाही, तो वर्षानुवर्षं पावलं न वाजवता येतो. दोन दिवसांत माणूस बरळायला लागला, रात्री ओरडतो, सकाळी जरा बरा, संध्याकाळी पुन्हा तेच, तर आधी लघवी तपासा, सोडियम तपासा, साखर तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आबा बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेतात, मीठ कुणीतरी बंद केलेलं, वर जुलाब. सोडियम घसरतं आणि आबांना अंगणात कधीच मेलेला बैल दिसतो. तेवढ्यात कुणीतरी भगताकडे नेऊन आणतं, त्यात दोन दिवस जातात. भगतावर माझा राग नाही, वेळ जातो त्यावर आहे. आणि मोरीत पाय घसरून डोक्याला लागलं असेल तर महिन्या-दीड महिन्यानेसुद्धा मेंदूवर साकळलेलं रक्त डोकं बिघडवू शकतं. तिथे माझी गोळी कामाची नाही, सीटी स्कॅन आणि सर्जन लागतो.

मग ती पिशवी. प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर कापडाच्या दुकानाची एक पिशवी येते, त्यात अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा. मी ती टेबलावर उपडी करतो. एका डॉक्टरची झोपेची गोळी, दुसऱ्याची तीच गोळी वेगळ्या नावाने, खाजेची, लघवी रोखायची, हात थरथरतो म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेली चक्करची. यातल्या बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्या मेंदूची स्मरणशक्ती आणखी मंदावतात. कित्येकदा माझा उपचार एवढाच असतो की यातल्या तीन-चार हळूहळू बंद करायच्या. झोपेची गोळी एकदम तोडायची नाही, टप्प्याटप्प्याने. लोकांना मात्र हे पटत नाही. एवढ्या लांबून यावल-रावेरहून आलो आणि डॉक्टरने गोळ्या कमीच केल्या? एक सलाईन तरी लावा!

नैराश्य ओळखणं हे या कामातलं सगळ्यात गमतीचं आणि सगळ्यात अवघड. आमची आजी "मी उदास आहे" असं जन्मात म्हणणार नाही. ती म्हणते, "आंग दुखस, घास उतरत नही, कथाच जीव लागत नही," म्हणजे कशातच जीव रमत नाही. एक्सरे, गुडघ्याचं इंजेक्शन, पोटाची सोनोग्राफी, सगळं होऊन मग ती माझ्याकडे येते. विसरतेही. मुलगा इंटरनेटवर वाचून आलेला असतो, अल्झायमरच आहे म्हणतो. नैराश्यात लक्षच लागत नाही म्हणून आठवत नाही. औषध लागू पडलं की यातल्या बऱ्याच जणींचं विसरणंही कमी होतं. पुढे लक्ष ठेवावं लागतं, पण त्या दिवशी तिला "डोकं गेलेली" ठरवून घरी पाठवणं हा गुन्हा आहे.

तपासणीची गंमत वेगळीच. जगभर वापरली जाणारी छोटी चाचणी १९७५ ची, अमेरिकेतली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा. कधी शाळेची पायरी न चढलेल्या माउलीला हे विचारलं तर ती नापासच. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदी चाचणी तयार केली गेली, ती म्हणूनच मोलाची. मी आपल्या पद्धतीने विचारतो. आपली कानबाई देवी कोणत्या महिन्यात बसते? पाचशेची नोट दिली, एकशे ऐंशीचा बाजार झाला, परत किती? मुलगा मोबाइल काढेपर्यंत आजीचं उत्तर आलेलं असतं.

आता खरा स्मृतिभ्रंश. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना तो आहे. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी थोडा आधार मिळतो, आजार परतत नाही. इथे सगळ्यात वाईट गत सुनेची. सासूबाई पाटल्या स्वतःच धान्याच्या कोठीत लपवतात, विसरतात आणि गल्लीभर सांगतात की सुनेने चोरल्या. गल्ली विश्वास ठेवते. मी अशा वेळी नवऱ्याला, दिराला, नणंदेला, सगळ्यांना समोर बसवून सांगतो की हा आरोप आजाराचा भाग आहे. त्या पाच मिनिटांत सुनेच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्या गोळीने दिसत नाही.

आणि मग शेत. तापीकाठची केळीची जमीन असली की मुलगा हळूच खुर्ची पुढे ओढतो: "साहेब, बापाला काही समजत नाही, एवढं लिहून द्या." दुसऱ्या आठवड्यात दुसरा मुलगा येतो, त्याला उलटं लिहून हवं असतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते ठरवायला सक्षम न्यायालय लागतं. म्हाताऱ्यांनाही सांगतो: शेत पोराच्या नावावर करायचंच असेल तर सांभाळायची अट कागदावर घाला. अट पाळली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो, त्यासाठीचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर असतं. हे ऐकून काही पोरं पुढच्या तारखेला येत नाहीत. न येवोत.

राज्यात सरकारची चार जुनी मनोरुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, त्यातले म्हाताऱ्यांचे म्हणून शिकलेले बोटांवर मोजण्याइतके. बंगळुरूच्या निमहान्समध्ये, लखनौच्या किंग जॉर्ज विद्यापीठात या विषयात डीएम ही एमडीनंतरची पदवी करता येते. करून आलेल्याने पुण्या-मुंबईत दुकान थाटायच्या आधी नंदुरबारची एक ओपीडी बघावी.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. म्हातारा "आते कसाले जगानं", आता कशाला जगायचं, असं म्हणायला लागला तर हसण्यावारी नेऊ नका. कपाशीवर मारायचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा आणि डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावता येतो, मोफत आहे.

दुसरी गोष्ट सुनेची. म्हाताऱ्याचं हागणं-मुतणं काढणारी ही बाई कित्येक घरांत वर्षानुवर्षं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली नसते. मी आता चिठ्ठीवर औषधांच्या खाली तेही लिहितो: आखाजीला आठ दिवस सुट्टी. नवरे हसतात, "मग बाबांकडे कोण बघील?" तुम्ही बघा की. डायपर कसा बदलायचा, घास कसा भरवायचा, रात्री उठले तर काय बोलायचं, हे शिकवायला माझी नर्स तयार आहे. सोमवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत.