कमवा-शिका फक्त गरिबाच्याच लेकरांना का?

काल भाचीचा फोन आला, बीएस्सीला ॲडमिशन झालं म्हणाली. कॉलेजात कमवा-शिका योजना आहे, म्हणजे कॉलेजातच रोज थोडं काम करायचं अन् त्याचं मानधन घेऊन शिकायचं, पण मामा मी फॉर्म भरणार नाही, काम करताना पोरी बघतात. तेव्हापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

माझं कॉलेज बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं, लहानसं. मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, मी होस्टेलला. सकाळी दोन तास काम अन् मग लेक्चर. झाडांना आळी करायची, गांडूळखताच्या बेडवरची पोती ओली ठेवायची, लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकांना कव्हर घालायचं. उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी, ठिबकच्या नळ्या क्षारानं चोक व्हायच्या. एकदा केमिस्ट्रीचे सर आमच्यात उकिडवे बसले, लॅबमधून पातळ ॲसिड आणून त्या पांढऱ्या थरावर टाकलं, फसफसलं, म्हणाले हे कॅल्शियम कार्बोनेट. पुढं पेपरात ती रिॲक्शन आली तर मला नळीच दिसली, पाठ करायची गरजच पडली नाही.

पण त्याच वेळी बाकीची पोरं कट्ट्यावर बसून बघायची. वाईट कुणी बोलायचं नाही, फक्त नावानं हाक मारायचे नाहीत, "ए कमवा-शिका" म्हणायचे. मानधन तीन-तीन महिने लेट व्हायचं ते मी विसरलो, ही हाक नाही विसरलो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग, तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची अन् कामही सगळ्यांनीच करायचं. अमेरिकेत केंटकीमध्ये बेरिया कॉलेज आहे, 1892 पासून ट्यूशन फी नाही, आठवड्याला किमान 10 तास काम प्रत्येकाला. तिथं पोरं बहुतेक गरीब घरचीच घेतात हे खरंय, पण एक खपतोय अन् दुसरा बघतोय असं आत राहत नाही. आपण मात्र योजना घेतली अन् "सगळ्यांनी" हा शब्द तेवढा गाळला.

टाईमटेबलमध्येच टाका ना दोन तास. डॉक्टरच्या पोराला, मास्तरच्या पोरीला, सगळ्यांना. पैसे गरजवंताला द्या, पण खोरं सगळ्यांच्या हातात द्या, अन् प्राध्यापकांच्याबी.

भाचीला म्हणलं तू फॉर्म भर. शनिवारी शेवटची तारीख आहे, मी येतोय, प्राचार्यांशी हेच बोलणार आहे.